निवृत्तीची पुंजी शेतजमिनीत ठेवावी की शेअरमध्ये? पहिल्यांदा ठरवणाऱ्यांसाठी

मी नऊ वर्षं शेतजमीन बाळगली आणि मग विकली. विकायला चौदा महिने लागले. त्याच काळात थोडे पैसे शेअर बाजारातही होते, आणि तिथेही मार्च २०२० मध्ये जे करू नये तेच केलं. बाजार तळाशी असताना घाबरून फंडातली एक तृतीयांश रक्कम काढून घेतली. तेव्हा हे लिहिणारा दोन्हीकडे शिकवणी भरून आलेला आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. निवृत्तीसाठीचा पहिला पैसा शेअरच्या स्वस्त इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकातल्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या, कमी खर्चाच्या फंडात) जावा. जमीन घ्यायची तर दुसऱ्या पैशातून घ्यावी आणि तिच्याकडे छोटा धंदा म्हणून बघावं. धंद्याला मालक लागतो. तुमच्या सत्तराव्या वर्षी तो मालक कोण असेल, याचं उत्तर असेल तरच जमिनीच्या वाटेला जा.

कायदे आणि कर देशागणिक बदलतात, कधी एकाच देशात राज्यागणिक. त्या बाबतीत काय विचारायचं ते मी सांगतो, उत्तर तुमच्या वकिलाकडून आणि कर सल्लागाराकडून घ्या.

## १. आधी खर्चाचा आकडा काढा

बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. चांगली जमीन विकायला आहे असं कुणीतरी सांगतं, आणि मग ती निवृत्तीच्या हिशेबात कशीबशी बसवली जाते. मीही तशीच बसवली होती.

एका कागदावर तीन गोष्टी लिहा: निवृत्तीनंतर वर्षाला लागणारा खर्च (आजच्या भावाने), निवृत्तीला उरलेली वर्षं, आणि निवृत्तिवेतन किंवा घरभाडं यांतून आपोआप येणारी रक्कम. खर्चातून ती रक्कम वजा केली की उरते ती तूट. ती पुंजीतून भरायची.

आता गंमत बघा. १९९४ साली विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने जुन्या आकड्यांवरून एक हिशेब मांडला. पुंजी शेअर आणि रोख्यांत विभागून ठेवली, पहिल्या वर्षी तिच्यातले ४ टक्के काढले आणि पुढे ती रक्कम दरवर्षी महागाईइतकी वाढवत नेली, तर पुंजी किमान ३० वर्षं पुरत होती. म्हणजे तूट गुणिले २५ एवढी पुंजी हवी. हा अमेरिकेच्या इतिहासावरचा ठोकताळा आहे, तेवढाच धरा.

जमिनीतून खर्च वजा जाता किमतीच्या २ टक्के हातात पडत असतील, तर जमिनीला धक्का न लावता खंडावर (जमीन कसायला दिल्याच्या भाड्यावर) जगायला तूट गुणिले ५० एवढ्या किमतीची जमीन लागते. बरोबर दुप्पट! बदल्यात जमीन शेवटी अख्खीच्या अख्खी वारसांना मिळते, तर शेअरची पुंजी कदाचित संपलेली असेल. पैसा आपल्याला जगायला हवाय की मागे ठेवायला, हा प्रश्न इथेच घरात मोठ्याने बोलून घ्या. नाही बोललात तर जमीन विकायच्या दिवशी तो आपणहून बाहेर येतो, आणि तेव्हा आवाज चढलेले असतात.

निवृत्तीला दहा वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवी जमीन घेऊ नका, असं मी तरी सांगेन. खरेदीचा खर्च वसूल व्हायलाच त्यातली बरीच वर्षं जातात.

## २. जमीन तुमच्या नावावर होऊ शकते का, ते तपासा

शेअर कुणालाही घेता येतात, शेतजमीन नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. अनिवासी भारतीयांना भारतात शेतजमीन वारसाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. पोलंडने २०१६ मध्ये अशीच बंधनं कडक केली. वकिलाला चार प्रश्न विचारा:

- मला ही जमीन घेता येते का, की आधी परवानगी लागते?
- एका माणसाच्या नावावर किती जमीन असू शकते?
- पुढे तुकडा पाडून विकता येईल का? किमान क्षेत्र किती?
- जमीन पडीक ठेवली किंवा दुसऱ्याला कसायला दिली तर कायदा काय म्हणतो?

सापळा: "तुमच्या नावावर होत नाही ना, मग माझ्या नावावर घेऊ, आपसांत कागद करू." असं म्हणणारा कितीही जवळचा असो, उठून या. तो माणूस उद्या नसेल, आणि त्याच्या वारसांनी तुम्हाला कसलाच शब्द दिलेला नाही.

## ३. दोन्ही एकाच मापाने मोजा

जमिनीबद्दल बोलताना लोक दोन आकडे सांगतात: केवढ्याला घेतली आणि आज भाव काय चाललाय. मधला खर्च कुणी सांगत नाही, कारण कुणी तो लिहूनच ठेवलेला नसतो.

समजा जमिनीची किंमत १००. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील आणि मोजणी यांचे ८ धरा. म्हणजे तुम्ही घातले १०८. वर्षाचा खंड ३. कर, कुंपण, विहिरीची दुरुस्ती आणि एखाद्या वर्षी बुडालेला खंड, या सगळ्याची सरासरी १. हातात राहिले २. किंमत दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत गेली, तर २० वर्षांनी ती २६५ होते. विकताना दलाली वगैरेत ५ टक्के गेले की २५२. १०८ चे २५२ होणं म्हणजे वर्षाला साधारण ४.३ टक्के. त्यात खंडाचे जेमतेम दोन मिळवा. बेरीज सहाच्या थोडी पुढे.

आता शेअर. वाढ तितकीच, ५ टक्के धरू. लाभांश २, फंडाचा खर्च ०.२. झाले ६.८.

हे आकडे मी समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला. पण एक गोष्ट कुठलेही आकडे घातले तरी दिसते: वाढ सारखी असली तरी घेण्या-विकण्याचा खर्च जमिनीला मागे खेचतो. आणि या हिशेबात तुमचा वेळ फुकट धरलाय. माझ्या वर्षाला दहा-बारा फेऱ्या व्हायच्या, त्यातल्या निम्म्या नुसत्या "येऊन बघून जा" म्हणून.

उलट बाजूनेही कान उघडे ठेवा. काही ठिकाणी शेतीच्या उत्पन्नाला करात मोठी सूट असते. भारतात केंद्र सरकार त्यावर आयकर घेत नाही. त्यामुळे तुलना नेहमी कर भरून उरलेल्या रकमेची करा.

किती भावाने घेतली यावर सगळं कसं फिरतं, याचं उत्तम उदाहरण वॉरन बफे यांच्या शेताचं आहे. शेअरसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या या माणसाने १९८६ मध्ये नेब्रास्कात ४०० एकरांचं शेत २ लाख ८० हजार डॉलरला घेतलं. पुढे बुडालेल्या एका बँकेने त्याच शेतावर याहून पुष्कळ जास्त कर्ज दिलेलं होतं. बफे यांना शेतीतलं काही कळत नव्हतं, पण त्यांच्या मुलाला शेतीची आवड होती. त्यांच्या हिशेबाने शेताचं उत्पन्न किमतीच्या १० टक्क्यांच्या आसपास बसत होतं. २८ वर्षांनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितलं की उत्पन्न तिप्पट झालंय आणि किंमत पाचपट किंवा त्याहून जास्त. आणि तोवर ते त्या शेतावर दोनदाच गेले होते.

पाचपट म्हणजे वर्षाला सहा टक्क्यांच्या आतच चक्रवाढ. जवळपास त्याच काळात, १९८६ अखेर ते २०१३ अखेर, अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा एसअँडपी ५०० निर्देशांक २४२ वरून १८४८ वर गेला, म्हणजे साडेसातपट. नुसती किंमत बघणारा म्हणेल, शेअर जिंकले. पण उत्पन्न धरलं की चित्र पालटतं. शेतातून सुरुवातीलाच मूळ रकमेच्या १० टक्के येत होते, तिप्पट झाल्यावर ३० टक्के. निर्देशांकाचा लाभांश सुरुवातीला त्याच्या निम्माही नव्हता.

मग सगळ्यांनी शेत घ्यावं का? आज १० टक्के उत्पन्नाचं शेत दाखवा, मीच घेतो. अमेरिकी कृषी खात्याच्या २०२३ च्या आकडेवारीत पिकाऊ जमिनीची सरासरी किंमत एकरी ५,४६० डॉलर होती आणि रोख खंड १५५ डॉलर, म्हणजे तीन टक्क्यांनाही थोडा कमी, आणि तोही खर्च वजा करण्याआधीचा. बफे यांनी घेतलं ते १९८६ मध्ये, जमिनीचे भाव कोसळलेले असताना. शेतीवेडा मुलगाही घरातच होता.

म्हणून भाव ऐकल्यावर पहिला भागाकार हाच करा: वर्षाचा निव्वळ खंड भागिले एकूण खर्चासह किंमत. उत्तर एक टक्क्याच्या खाली आलं तर तुम्ही शेत विकत घेत नसून पुढेमागे तिथे रस्ता किंवा वसाहत येईल या आशेवर पैसे लावताय. तसं लावायला हरकत नाही, पण त्याला निवृत्तीची पुंजी म्हणू नका.

## ४. दोन्ही किती पडू शकतात, ते बघून ठेवा

"जमिनीचा भाव कधी उतरत नाही." हे वाक्य मी किमान पाच दलालांकडून ऐकलंय. नेब्रास्काच्या शेजारचं आयोवा राज्य घ्या. तिथल्या शेतजमिनीची सरासरी किंमत १९८१ मध्ये एकरी २,१४७ डॉलर होती, १९८६ मध्ये ७८७. पाच वर्षांत ६३ टक्के घट. जुना आकडा पुन्हा दिसायला २००३ उजाडलं. सत्तरच्या दशकात भाव चढताहेत म्हणून लोकांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या होत्या. ऐंशीच्या सुरुवातीला व्याजदर प्रचंड वाढले, धान्याचे भाव पडले आणि हप्ते थकले. जमीन जागेवर होती, मालक बदलले.

शेअरचा इतिहासही काही सोज्वळ नाही. १९२९ ते १९३२ मध्ये अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक ८९ टक्के पडला आणि जुनी पातळी गाठायला १९५४ साल लागलं. जपानचा शेअर निर्देशांक निक्केई १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर होता. तो आकडा त्याने ओलांडला फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षांनी! म्हणून एकाच देशाच्या बाजारावर सगळा भार टाकू नका.

दोन्हींत खरा फरक मनाला जाणवतो. शेअरचा भाव दर मिनिटाला डोळ्यांसमोर नाचतो. जमिनीचा भाव कुणी विचारायला आल्याशिवाय कळतच नाही, म्हणून ती स्थिर वाटते. मार्च २०२० मध्ये मी फंड विकला, पण जमीन विकायचा विचारही मनात आला नाही. तेव्हा तिला गिऱ्हाईक शोधलं असतं तर कोणता भाव मिळाला असता कोण जाणे. न दिसल्यामुळे झोप लागली, आणि त्या झोपेने जमीन वाचवली. जमिनीचा हा मोठा गुण मी मानतो. शेअरमध्ये तोच हवा असेल तर मोबाइलवरून ॲप काढून टाका आणि वर्षातून दोनदाच खातं उघडा. मी आता तेच करतो.

सापळा: कर्ज काढून जमीन. खंड ३ टक्के आणि व्याज ९ टक्के असेल तर दरवर्षी ६ टक्क्यांचं भोक तुम्ही पगारातून बुजवत राहता. निवृत्तीनंतर पगार नसतो.

## ५. जमीन बघायला कसं जायचं

किमान दोनदा जा, वेगवेगळ्या ऋतूंत. दलाल जमीन दाखवतो ती पावसाळा सरल्यावर. सगळीकडे हिरवंगार, विहिरीला काठोकाठ पाणी. अशी एक जमीन मला इतकी आवडली होती की विसार द्यायला निघालो होतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलं, "ऊन तापू दे, मग या." कोरड्या दिवसांत गेलो, दोराला दगड बांधून विहिरीत सोडला. दगड खडकावर खटकन् वाजला आणि वर आला तेव्हा दोर टोकापर्यंत कोरडा होता.

शेजारच्या शेतकऱ्याशी बोला, आणि दलाल बरोबर नसताना बोला. पाणी कधीपर्यंत टिकतं, वाटेवरून कुणाशी वाद आहे का, आधीचं गिऱ्हाईक का फिरलं, हे त्यालाच माहीत असतं. कागदावर वाट आहे का, की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर चाललंय, हेही तिथेच कळतं. ज्या शेतात ट्रॅक्टर जात नाही त्याला खंडकरी मिळत नाही.

विसार देण्याआधी सरकारी मोजणी करून घ्या. मी ती खरेदीनंतर केली. बांध दरवर्षी थोडा थोडा कोरला गेला होता. एका हंगामाला नांगराची एक ओळ, त्याहून जास्त नाही, पण वर्षानुवर्षं. एका कोपऱ्यातला हद्दीचा दगड तर नाहीसाच झालेला. कागदावरच्या क्षेत्रापेक्षा प्रत्यक्ष जमीन कमी भरली आणि पैसे मात्र कागदाप्रमाणे देऊन झाले होते. शेजाऱ्याशी भांडायला मी बाहेरचा, तो तिथलाच. सोडून दिलं.

लागणारे कागद:

- मालकी हक्काचा अधिकृत उतारा, अलीकडच्या तारखेचा
- आधीच्या खरेदीखतांची साखळी, किमान ३० वर्षांची
- वारसांच्या नोंदी आणि वाटणीपत्र
- बोजा किंवा गहाण नसल्याचा दाखला, वकिलाचा शोध अहवाल
- मोजणीचा नकाशा, हद्दीच्या खुणांसह
- पाण्याचा हक्क: विहीर सामाईक आहे का, पाळी किती दिवसांनी येते
- माती आणि पाणी परीक्षणाचे अहवाल
- सध्या जमीन कोण कसतं, त्याचं लेखी म्हणणं
- कर भरल्याच्या पावत्या

वारसांच्या नोंदी वकिलाला दोनदा वाचायला लावा. माझी जमीन विकायला चौदा महिने लागले ते याचमुळे. आधीच्या मालकाच्या एका बहिणीचं नाव जुन्या वाटणीत होतं आणि पुढच्या खरेदीखतावर तिची सही नव्हती. मी घेताना ते कुणाच्या नजरेस आलं नाही. मी विकताना गिऱ्हाइकाच्या वकिलाच्या आलं. बहीण हयात नव्हती, तिची तीन मुलं तीन गावांत. एकेकाची सही आणेपर्यंत पहिलं गिऱ्हाईक निघून गेलं.

## ६. कसायला कुणाला आणि कशी द्यायची

स्वतः कसणार असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, तुम्ही शेतकरी आहात. बाकीच्यांपुढे ढोबळमानाने दोन रस्ते असतात: रोख खंड किंवा बटई. खंडात तुमचं उत्पन्न ठरलेलं, पिकाची जोखीम कसणाऱ्याची. बटईत खर्च आणि पीक दोन्ही वाटून, म्हणजे जोखीमही वाटून. लांब राहणाऱ्याने बटईच्या फंदात पडू नये. किती पोती निघाली ते मोजायला खळ्यावर तुम्ही नसता, आणि मग मनात संशय घर करतो.

करार लेखी करा, दरवर्षी नवा करा. लिहायच्या गोष्टी: मुदत, रक्कम, ती कधी द्यायची, विहीर आणि कुंपण कुणी सांभाळायचं, झाडं तोडायची की नाही. बऱ्याच कायद्यांत जमीन कसणाऱ्याला संरक्षण असतं आणि ते योग्यच आहे. पण ते नेमकं कुठून सुरू होतं, हे वकिलाकडून समजून घेऊनच सही करा.

पीक बुडालं तर काय, हेही लिहून ठेवा. मी लिहिलं नव्हतं. एका वर्षी खंड आणायला गेलो तर खंडकऱ्याने पैशाचा विषय न काढता मला आधी शेतात नेलं. पीक आडवं झालेलं, मुळापाशी पाणी साचून कुजका वास. परत येताना मी निम्माच खंड घेतला. आजही वाटतं, बरोबर केलं. पण माझ्या हिशेबाच्या वहीत त्या वर्षीचा परतावा शून्याच्या खाली आहे.

## ७. शेअरची बाजू लहान आहे, म्हणून थोडक्यात

ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, कर क्रमांक, बँक खातं आणि वारस नोंदणी. एवढ्यावर खातं उघडतं. मग एक-दोन इंडेक्स फंड निवडा, जे बाजारातल्या शेकडो कंपन्यांचे शेअर निर्देशांकातल्या प्रमाणात घेऊन ठेवतात. सर्वसामान्यांसाठीचा असा पहिला फंड १९७६ मध्ये जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड कंपनीने अमेरिकेत आणला. तेव्हा त्याची टिंगल झाली होती.

पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठराविक रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला द्या. दरवर्षी पगार वाढला की तीही वाढवा.

बघायचा आकडा एकच: फंडाचा वार्षिक खर्च. ८ टक्क्यांनी ३० वर्षांत पैसा दहापट होतो. दरवर्षी २ टक्के खर्चात गेले तर ६ टक्क्यांनी पावणेसहापटही पुरा होत नाही. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण शेवटच्या रकमेतला चाळीस टक्क्यांहून मोठा वाटा घेऊन जातात.

सापळे तुम्हाला ठाऊकच असतील: व्हॉट्सॲपवरच्या टिपा, उधारीवर शेअर, पडल्यावर विकणं. तिसरा ठाऊक असूनही मी त्यात पडलो.

## ८. जमीन न घेता जमिनीत पैसे

काही बाजारांत शेतजमीन बाळगणाऱ्या कंपन्यांचेच शेअर मिळतात. अमेरिकेत ग्लॅडस्टोन लँड २०१३ मध्ये आणि फार्मलँड पार्टनर्स २०१४ मध्ये बाजारात आली. त्या शेतं विकत घेऊन खंडाने देतात आणि खंडातला मोठा वाटा लाभांश म्हणून वाटतात. मोजणी, वारस, विहीर यांची डोकेदुखी त्यांची.

पण मग भाव न दिसल्यामुळे लागणारी ती झोप जाते. जुलै २०१८ मध्ये एका निनावी लेखकाच्या आरोपांमुळे फार्मलँड पार्टनर्सचा शेअर एका दिवसात सुमारे ३९ टक्के पडला. त्या दिवशी शेतं होती तिथेच होती, पिकंही. पुढे २०२१ मध्ये त्या लेखकाने आपल्या लिखाणातल्या महत्त्वाच्या गोष्टी चुकीच्या होत्या, असं मान्य केलं. बाजारात आलेली जमीन बाजारासारखीच वागते.

"आम्ही लागवड करतो, तुम्हाला वर्षाला ठराविक परतावा" अशा जाहिराती मात्र वेगळ्या. खरेदीखत तुमच्या नावावर होतं का, हद्द वेगळी मोजून मिळते का, आणि कंपनी बंद पडली तर झाडं कुणाची, हे तीन प्रश्न विचारा. शेतीत हमी देणारा माणूस एकतर शेतकरी नाही किंवा पैसे दुसरीकडून आणून देतोय.

## ९. किती कुठे, आणि बाहेर कधी पडायचं

माझी स्वतःची मर्यादा आता अशी आहे: राहतं घर सोडून जी पुंजी आहे तिच्या एक चतुर्थांशाहून जास्त जमिनीत नको. वारसाने मिळालेली जमीन असेल तर तीही यात मोजा. अनेकांचं पारडं आधीच जमिनीकडे झुकलेलं असतं आणि त्यांच्या लक्षात येत नाही.

कारण साधं आहे. फंडातून दवाखान्याच्या बिलाएवढीच रक्कम काढता येते. जमिनीचा एवढासा कोपरा कुणी विकत घेत नाही आणि बऱ्याचदा कायदाही विकू देत नाही. गरज छोटी असली तरी विकावं अख्खं शेत लागतं, आणि घाईत विकणाऱ्याचा भाव गिऱ्हाईक ठरवतं.

म्हणून विकायची असेल तर निवृत्तीच्या तीन-चार वर्षं आधी बाजारात काढा, अंगात फिरण्याची ताकद असताना. शेअरच्या बाजूलाही तयारी लागते. निवृत्तीच्या पहिल्याच एक-दोन वर्षांत बाजार पडला आणि खर्चासाठी पडत्या भावाने युनिट्स विकावे लागले, तर पुंजीला पडलेलं खिंडार पुढे बुजत नाही. दोन-तीन वर्षांचा खर्च मुदतठेवीत वेगळा ठेवा आणि पडझडीत त्यावर राहा.

## १०. फाइल

एक फाइल करा आणि ती कुठे आहे हे घरात दोघांना सांगा. त्यात खरेदीखत, मोजणीचा नकाशा, चालू वर्षाचा करार, खंडकऱ्याचा फोन नंबर, फंड खात्यांची यादी, प्रत्येक खात्यावरच्या वारसाचं नाव. हद्दीच्या प्रत्येक दगडापाशी उभं राहून एक फोटो काढा, मागे एखादं झाड किंवा घर दिसेल असा. मुलाने शेत कधी पाहिलंच नसेल तर त्याला फोटोवरून तरी कळेल. इच्छापत्र नसेल तर ते आधी.

खर्चाची प्रत्येक पावती जपा, अगदी चर खणल्याचीसुद्धा. विकताना करासाठी नफा मोजायची वेळ आली की मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे वजा मिळू शकतात, काही ठिकाणी सुधारणेचा खर्चही. माझ्या विक्रीनंतर दोन वर्षांनी कर खात्याचं पत्र आलं. खरेदीच्या वेळच्या मुद्रांक शुल्काची पावती मागितली होती. ती मोजणीच्या नकाशाच्या घडीत निघाली, शाई उडालेली, पण आकडा वाचता येत होता.